तांबडी शाई, काळी शाई

'ब्रुकलिन नाइन-नाइन' पाहिलेल्यांना 'द बॉक्स' नावाचा एपिसोड आठवत असेलच. २०१८ सालचा, पाचव्या सीझनमधला. एक खोली, एक डेंटिस्ट आणि त्याच्यासमोर जेक पेराल्टा आणि कॅप्टन होल्ट. रात्रभर चौकशी चालते. एरवी मिनिटाला तीन विनोद मारणारी ही मालिका त्या दिवशी खोलीतून फारशी बाहेर पडतच नाही. शेवटी जेक डेंटिस्टचा अहंकार बरोबर डिवचतो, तो फुशारकीच्या भरात सगळं ओकून टाकतो आणि केस संपते.

जुन्या प्रेक्षकांनी ही खोली लगेच ओळखली. कारण होल्टचं काम करणारा आंद्रे ब्राउअर पंचवीस वर्षांपूर्वी अशाच एका खोलीत बसला होता. तिचंही नाव 'बॉक्स'च होतं. समोर एक म्हातारा फळविक्रेता होता आणि मध्ये टेबलावर एका अकरा वर्षांच्या मुलीच्या खुनाची फाइल. मालिका होती 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट'. त्या एपिसोडमध्ये बारा तास झाले तरी म्हातारा कबूल करत नाही. आणि सात सीझन संपले तरी त्या मुलीचा खुनी सापडत नाही.

टीव्हीवरच्या पोलिसांनी केस सोडून देणं, तेही पहिल्याच सीझनमधली सगळ्यात मोठी केस, हे १९९३ साली कसं काय घडलं? मी ह्या मालिकेपर्यंत उलट्या वाटेने पोचलो. आधी 'द वायर', मग डेव्हिड सायमनचं पुस्तक आणि मग ही. त्यामुळे मला ती नेहमी त्या पुस्तकाच्या शेजारी ठेवूनच दिसते. आणि आता तर त्या दोन्हींच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवावी लागते. तिच्याकडे शेवटी येतो.

सायमन 'बाल्टिमोर सन' ह्या दैनिकाचा क्राइम रिपोर्टर होता. १९८८ साली त्याने रजा टाकली आणि वर्षभर शहराच्या खून-तपास पथकासोबत काढलं. रात्रपाळ्या, प्रेतं, शवविच्छेदन, कोर्टाच्या तारखा, बार, सगळीकडे तो बरोबर होता. त्या वर्षी बाल्टिमोरमध्ये २३४ खून झाले. वस्ती सव्वासात-साडेसात लाखांची, म्हणजे कोल्हापूरपेक्षा थोडी मोठी, एवढंच. अशा गावात साधारण दर तीन दिवसांना दोन खून. १९९१ साली त्याचं पुस्तक आलं. ते बॅरी लेव्हिन्सनच्या हाती लागलं. 'रेन मॅन'साठी ऑस्कर मिळवलेला हा दिग्दर्शक मूळचा बाल्टिमोरचाच. त्याला त्यात सिनेमा दिसला नाही. दोन तासांत बसेल असं त्यात काही नव्हतंच, कारण पुस्तकाला सुरुवात-मध्य-शेवट नव्हता, नुसती रांग होती. एक प्रेत, मग दुसरं प्रेत. म्हणून त्याची मालिका झाली. पॉल अटानासिओने ती रचली, टॉम फोंटानाने ती चालवली आणि ३१ जानेवारी १९९३ला, सुपर बोल संपल्या संपल्या, एनबीसीने पहिला एपिसोड दाखवला. अमेरिकेत वर्षातला सगळ्यात जास्त प्रेक्षक असतो तो हा दिवस. एवढा प्रेक्षक मालिकेला पुन्हा कधीच मिळाला नाही.

शूटिंग खरोखर बाल्टिमोरमध्ये झालं, हे तेव्हा नवलच होतं. न्यूयॉर्कच्या गोष्टीसुद्धा लॉस एंजेलिसच्या सेटवर उरकायची पद्धत होती. फेल्स पॉइंट ह्या जुन्या बंदर भागातली सिटी रिक्रिएशन पियर नावाची १९१४ सालची इमारत त्यांनी पोलीस मुख्यालय म्हणून वापरली. (आज तिथे महागडं हॉटेल आहे.) कॅमेरा १६ एमएमचा, खांद्यावर धरलेला. एडिटिंग असं की एकच वाक्य, एकच झटका लागोपाठ दोन-तीनदा दिसावा, रेकॉर्डची सुई अडकल्यासारखा. आज हे सगळं इतकं सवयीचं झालंय की त्यात विशेष काय असं वाटेल. तेव्हा लोकांना गरगरायला झालं. शूटिंग इतकं खरं वाटायचं की दुकानातून चोरी करून पळणारा एक जण धावत धावत सेटवर शिरला आणि नटांना पोलीस समजून त्यांच्यासमोर शरण आला, हा किस्सा ह्या मालिकेबद्दल बोलताना कोणी ना कोणी सांगतंच.

पण मला ह्या मालिकेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू वाटते ती कॅमेऱ्याइतकीही आधुनिक नाही. तो आहे भिंतीवरचा एक पांढरा बोर्ड.

सायमनने तो खऱ्या पथकाच्या खोलीत पाहिला होता. बोर्डावर रकाने. खून झाला की मेलेल्या माणसाचं नाव तांबड्या शाईने लिहायचं. केस सुटली की तेच नाव पुसून काळ्या शाईने. बस. मालिकेत प्रत्येक डिटेक्टिव्हच्या नावाखाली त्याची त्याची यादी आहे आणि येता-जाता प्रत्येक जण चोरून दुसऱ्याच्या रकान्याकडे बघतो. के हॉवर्ड ही पथकातली एकटी बाई, आणि सुरुवातीला तिच्या रकान्यात एकही तांबडं नाव नसतं. बाकीच्यांना ह्याचं कौतुक वाटतं आणि पोटातही दुखतं. सेल्सच्या ऑफिसात टार्गेटचा तक्ता टांगतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे तक्त्यावर मेलेली माणसं आहेत.

ह्या बोर्डामुळे मालिका पोलिसांना शूर किंवा भ्रष्ट दाखवण्याच्या भानगडीत पडत नाही. ती त्यांना नोकरदार दाखवते. ओव्हरटाइम मोजणारे, कॉफीवरून भांडणारे, सोपी केस पदरात पडली तर देवाचे आभार मानणारे. नवऱ्याने बायकोला मारलं आणि चाकू हातात घेऊनच बसला, ही सोपी केस. गल्लीत पहाटे गोळी लागून पडलेला पोरगा, साक्षीदार कोणी नाही, ही डोकेदुखी. १९९४च्या जानेवारीत 'बॉप गन' हा एपिसोड आला. पर्यटक म्हणून आलेल्या कुटुंबातल्या आईचा दोन मुलांसमोर खून होतो. नवऱ्याच्या भूमिकेत रॉबिन विल्यम्स आणि त्याच्या मुलाच्या भूमिकेत कोवळा जेक जिलेनहाल. हा नवरा ठाण्यात बसलेला असताना शेजारच्या खोलीत डिटेक्टिव्ह मंडळी ह्या केसमधून ओव्हरटाइम किती मिळेल ह्यावर हसत असतात, आणि ते त्याच्या कानावर पडतं. सायमनने टीव्हीसाठी लिहिलेली ही पहिली पटकथा, डेव्हिड मिल्ससोबतची. हा प्रसंग वर्षभर त्या खोलीत बसलेल्या माणसालाच सुचू शकतो.

आता बोर्डाची खरी गोम. काळी शाई म्हणजे नेमकं काय? आपल्याला वाटतं, खुनी सापडला, शिक्षा झाली, म्हणजे नाव काळं. तसं नाही. अटक झाली की नाव काळं होतं. पुढे कोर्टात काय होईल ते होवो. आरोपी सुटला, सरकारी वकिलाने केस मागे घेतली, तरी पोलिसांच्या हिशोबात ती सुटलेलीच. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर 'गुन्हा उघडकीस आला'. पुस्तकात सायमन हे अगदी कोरडेपणाने सांगतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत खुनाचे नव्वद टक्क्यांच्या आसपास गुन्हे असे उघडकीस येत. १९९०च्या दशकापर्यंत ते प्रमाण दोन तृतीयांशावर घसरलं होतं. खून वाढलेले, साक्षीदार गप्प झालेले आणि वरून साहेब लोकांचा आकड्यासाठी तगादा. १९९३ मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी, बाल्टिमोरने ३५३ खुनांचा विक्रम केला.

अशा बोर्डावर अडीना वॉटसन हे नाव तांबड्या शाईने लिहिलं गेलं आणि तसंच राहिलं.

१९८८च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरमध्ये अकरा वर्षांची एक मुलगी ग्रंथालयातून घरी येताना नाहीशी झाली आणि नंतर एका घरामागे तिचं प्रेत सापडलं. पुस्तकाचा मोठा भाग ह्या तपासाचा आहे. केस ज्याच्याकडे आली तो पथकात नवखा होता. त्याचा संशय मासे विकणाऱ्या एका शेजाऱ्यावर होता. बोलावलं, विचारलं, पुन्हा बोलावलं. काही निघालं नाही. ती केस आजतागायत सुटलेली नाही. मालिकेत ह्या मुलीची अडीना झाली, नवख्या डिटेक्टिव्हचा टिम बेलिस झाला आणि मासेवाल्याचा रिझली टकर.

टकरला त्यांनी 'अरॅबर' केलं. बाल्टिमोरमध्ये घोडागाडीवर फळं-भाज्या लादून आरोळ्या देत गल्लोगल्ली फिरणाऱ्या विक्रेत्यांना हे नाव आहे. बहुतेक सगळे कृष्णवर्णीय, आणि धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तेव्हाच तो शेवटच्या घटका मोजत होता. टकरचं काम मोझेस गनने केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तो वारला.

मार्च १९९३ मध्ये 'थ्री मेन अँड अडीना' दाखवला गेला. लेखक टॉम फोंटाना, ज्याला त्यासाठी एमी मिळालं. दिग्दर्शक मार्टिन कॅम्बेल, जो पुढे जेम्स बाँड करणार होता. जवळजवळ सगळा एपिसोड त्या खोलीत. टकरला आता आणखी छळता येणार नाही, शेवटचे बारा तास आहेत. बेलिस गोरा, तरुण, त्या मुलीच्या प्रेतावर वाकलेला तो पहिला क्षण डोक्यातून न गेलेला. फ्रँक पेम्बल्टन कृष्णवर्णीय, जेझुइट शाळेत शिकलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण कधी जाळ्यात आलो ते कळू नये. ते टकरला गोंजारतात, दारूची आठवण देतात, धमकावतात, थकवतात. एका क्षणी बेलिस हात उगारण्याच्या काठावर जातो. पाहताना आपणही त्यांच्या बाजूला सरकत जातो. बोल ना बाबा, असं आपल्यालाच वाटू लागतं.

आणि मग टकर फिरतो. तो बेलिसला सांगतो तू कोण आहेस. पेम्बल्टनला सांगतो की तू तुझ्याच लोकांना किती तुच्छ समजतोस. हे तो इतक्या अचूकपणे सांगतो की क्षणभर चौकशी कोण कोणाची करतंय तेच कळत नाही. तो रडतो. त्या पोरीवर माझं प्रेम होतं, असं कबूल करतो. अकरा वर्षांच्या मुलीबद्दल म्हाताऱ्याने असं बोलावं, अंगावर काटा येतो. पण खून? नाही. वेळ संपते, त्याला सोडून द्यावं लागतं. बाहेर आल्यावर इतका वेळ साशंक असलेला पेम्बल्टन म्हणतो, तुझं बरोबर होतं, ह्यानेच केलं. आणि इतका वेळ खात्री असलेला बेलिस म्हणतो, मला आता तसं वाटत नाही.

मी हा एपिसोड तीन वेळा पाहिलाय आणि तिन्ही वेळा माझं मत वेगळं झालं. 'नाइन-नाइन'च्या डेंटिस्टबद्दल तसं होऊ शकत नाही. त्याने खून केलाय हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक असतं, फक्त त्याला बोलता करायचा असतो. विनोदी मालिकेत ते ठीकच आहे. पण पोलिसांच्या बहुतेक गंभीर मालिकाही डेंटिस्टच्याच जातीच्या असतात.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला इथे एक गोष्ट खटकायला हवी. अमेरिकेत त्या खोलीत दिलेला कबुलीजबाब कोर्टात थेट पुरावा ठरतो. १९६६च्या मिरांडा खटल्यानंतर पोलिसांनी आधी हक्क वाचून दाखवायचे, गप्प राहा, वकील मागा, हे सांगायचं. आणि पोलीस चौकशीत खोटं बोलू शकतात, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मान्य केलं. म्हणजे एका हाताने हक्क द्यायचा आणि दुसऱ्या हाताने माणसाला तो सोडायला लावायचा. सायमनच्या पुस्तकातला हा सगळ्यात थोर भाग आहे, आणि मालिकेच्या पहिल्याच एपिसोडमध्ये पेम्बल्टन नवख्या बेलिसला हेच समजावतो. ही चौकशी नाही, विक्री आहे. ज्याला घ्यायचंच नाही त्याला तुरुंग विकायचा.

आपल्या कायद्यात ही खोली रिकामी आहे. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५नुसार पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ म्हणून कायम आहे. इंग्रजांनी हे लिहिलं कारण इथले पोलीस कबुली कशी काढतात हे त्यांना चांगलं माहीत होतं. 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य आपल्या पेपरांत आजही इतक्या सहज छापून येतं की त्यात एका गुन्ह्याची बातमी आहे की दोन, हे कोणी विचारत नाही. 'होमिसाइड' सहाव्या सीझनमध्ये असताना, जानेवारी १९९८ मध्ये, आपल्याकडे 'सीआयडी' सुरू झाली. दयाने दरवाजा तोडायचा, एसीपी प्रद्युम्नने बोटं फिरवायची, कानाखाली एक बसली की खुनी घडाघडा बोलायचा. मी ती आवडीने पाहत मोठा झालो. तरीही त्यातली एकही कबुली कोर्टात टिकली नसती.

एनबीसीला अर्थात अडीनासारखी माणसं नको होती. आकडे वाईट होते. पहिला सीझन नऊ भागांचा, दुसरा तर फक्त चार भागांचा. गोष्टी कमी काळ्या करा, केस सुटू द्या, देखणी माणसं घ्या, अशा मागण्या होत राहिल्या आणि हळूहळू काही मान्यही झाल्या. नंतरच्या सीझनमध्ये हेलिकॉप्टर आलं, ड्रगमाफिया आला. तिथे मालिका मला थोडी परकी वाटते. तरी मधूनच 'सबवे'सारखा एपिसोड यायचा. भुयारी रेल्वे आणि फलाट ह्यांच्या फटीत कंबरेपासून अडकलेला एक माणूस, गाडी हलवली की मरणार, आणि त्याच्याशी बोलत बसलेला पेम्बल्टन. १९९८ साली ब्राउअरला एमी मिळालं आणि तो मालिका सोडून गेला. २१ मे १९९९ला ती संपली. एकूण १२२ एपिसोड. रिचर्ड बेल्झरचा डिटेक्टिव्ह मंच मात्र तिथून उठून सरळ 'लॉ अँड ऑर्डर'च्या घरात राहायला गेला आणि २०१३पर्यंत तिथे होता. २००० साली शेवटची गोष्ट सांगायला एक टीव्ही सिनेमा आला. त्यात बेलिस एका खुनाची कबुली देतो. खोलीत नाही, गच्चीवर, पेम्बल्टनला. आयुष्यभर लोकांना कबुली विकणाऱ्या माणसाला ती अशी न मागता मिळते, आणि तेव्हाचा ब्राउअरचा चेहरा पाहण्यासारखा आहे. बोर्डावरचं तांबडं नाव काळं होतं.

बरीच वर्षं ही मालिका कुठल्याच स्ट्रीमिंगवर नव्हती. गाण्यांचे हक्क अडकले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ती अमेरिकेत पीकॉकवर आली. तोवर बेल्झर आणि ब्राउअर दोघेही गेले होते, दोघेही २०२३ मध्येच. आणि तोवर बाल्टिमोरमध्ये आणखी काही घडलं होतं.

नोव्हेंबर १९८३. हार्लेम पार्क ज्युनियर हायस्कूलच्या कॉरिडॉरमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला त्याच्या जॅकेटसाठी गोळी घालण्यात आली. शहर हादरलं. काही दिवसांतच, थँक्सगिव्हिंगच्या पहाटे, सोळा-सोळा वर्षांच्या तीन कृष्णवर्णीय मुलांना घरातून उचललं. १९८४ साली तिघांना जन्मठेप झाली. पुरावा म्हणजे शाळेतल्या पोरांच्या साक्षी. त्या साक्षी नंतर फिरल्या. आम्हाला दडपण आणून, काय बोलायचं ते सांगून बोलायला लावलं, असं साक्षीदारांनी सांगितलं. आणि दुसऱ्याच एका तरुणाकडे बोट दाखवणारे पोलिसांचे कागद बचाव पक्षाला दिलेच नव्हते, हेही उघड झालं. २५ नोव्हेंबर २०१९ला कोर्टाने तिघांना निर्दोष सोडलं, ३६ वर्षांनंतर. २०२३ साली भरपाई म्हणून त्यांना ४ कोटी ८० लाख डॉलर द्यायचं शहराने मान्य केलं.

त्या तपासातला एक प्रमुख डिटेक्टिव्ह सायमनच्या पुस्तकात आहे. दडपणाचे आरोप त्याने नाकारले आहेत. पण हार्लेम पार्कची केस एकटी नाही. त्या काळच्या त्या पथकाच्या आणखीही केसेस नंतर कोर्टात कोसळल्या.

ह्यावरून मालिका खोटी होती असं मी म्हणणार नाही. उलट काळी शाई म्हणजे सत्य नव्हे, हे मला त्या मालिकेनेच शिकवलं. पण तिच्यातल्या एका गोष्टीचा मला आता त्रास होतो. तिला सगळी काळजी तांबड्या नावांची आहे. न सुटलेली केस माणसाला कशी पोखरते, हे तिने दाखवलं तसं कोणी दाखवलेलं नाही. काळ्या नावांकडे मात्र ती क्वचितच वळून पाहते. पेम्बल्टन एखाद्या पोराला बोलता करतो, शाई बदलते, कॅमेरा पुढच्या प्रेताकडे जातो. अडीनाच्या एपिसोडमध्ये आपण म्हाताऱ्याला मनातल्या मनात 'बोल, बोल' म्हणत होतो. तो बोलला असता तर खरं बोलला असता, हे आपण कशावरून गृहीत धरलं?

हार्लेम पार्कच्या त्या मुलाचं नाव १९८३ सालीच काळं झालं असणार आणि ३६ वर्षं काळंच राहिलं. सुटले तेव्हा ते तिघे पन्नाशी ओलांडलेले होते. ज्याच्याकडे त्या कागदांनी बोट दाखवलं होतं, आणि खरा खुनी तोच असं आता सरकारी वकिलांनी म्हटलं, तो २००२ साली गोळी लागून मेला. म्हणजे त्याचंही नाव कुठल्यातरी बोर्डावर तांबड्या शाईने लिहिलं गेलं असेल.